मास्तरीणबाईंनी लिहून दिलेली साक्ष

"फ्रॉक काढ," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मी नऊ वर्षांची. चर्चच्या पाठीमागच्या खोलीत उभी. बाहेर बाजाची पेटी सुरू झाली होती. परदेशातून आलेले चार पाहुणे पहिल्या बाकावर बसले होते. माझ्या अंगावर निळा फ्रॉक होता. शहापूरच्या साडीच्या दुकानात मिळालेल्या तुकड्यातून आईने तो हाताने शिवला होता. दिवसभर विड्या वळून झाल्यावर, दुखणाऱ्या बोटांनी. सकाळी तिने मला घासून अंघोळ घातली होती. डोक्याला तेल, दोन घट्ट वेण्या. मी स्वतःवरच खूश होते.

"काढ म्हणते ना. साक्षीला असला चालत नाही."

त्यांनी पिशवीतून एक फाटका परकर काढला. कुणाचा होता देव जाणे. तो मला नेसवला. वर भोकं पडलेलं पोलकं. मग माझ्या वेण्या सोडल्या, केस विस्कटले. एक पाऊल मागे सरून त्यांनी मला नीट न्याहाळलं. काहीतरी कमी वाटलं असावं. त्यांनी खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं, धूळ घेतली आणि माझ्या दोन्ही गालांना लावली.

"आता बरोबर," त्या म्हणाल्या.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमची मंडळी, म्हणजे चर्चची सभासद माणसं, मेथडिस्ट पंथाची. चर्च निपाणीच्या कडेला, हायवेपासून दहा मिनिटांच्या वाटेवर. आमच्यात साक्ष द्यायची पद्धत आहे. उपासना चालू असताना पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, विचारतात, कुणाला साक्ष द्यायची आहे का. मग कुणीही उठावं आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते आपल्या शब्दांत सांगावं. शिकलेला असो, अडाणी असो. मला ही पद्धत आजही आवडते. फक्त आमच्या वस्तीची साक्ष मास्तरीणबाई, चर्चचा कारभार बघणाऱ्या मास्तरांच्या बायको, लिहून देत. पाहुणे आले की वस्तीतलं एक पोर निवडलं जाई, त्याच्याकडून ती आठ दिवस पाठ करून घेतली जाई. पोर आधी एका दारातून फाटक्या कपड्यांत आत यायचं आणि आपण काय होतो ते सांगायचं. मग बाहेर जायचं, चांगले कपडे घालायचे (पाहुण्यांना ते मिशनने दिलेले म्हणून सांगत), दुसऱ्या दारातून आत येऊन गाणं म्हणायचं. अंधारातून उजेडात. पाहुणे टाळ्या वाजवायचे.

त्या रविवारी पोर मी होते.

मी आत गेले. समोर गोरे चेहरे, त्यांच्या मागे बाकांवर मास्तरांचं घराणं आणि बेळगावहून आलेली त्यांची पाहुणेमंडळी. सगळ्यात मागे, जमिनीवर चटयांवर, आमची वस्ती. त्यात आई. मी तोंड उघडलं.

"आम्ही अंधारात होतो. आम्ही मेलेलं खात होतो. आमच्या अंगाला घाण येत होती. आम्हाला देव माहीत नव्हता."

पुढचं आठवेना. मास्तरीणबाई खिडकीपाशी उभ्या राहून ओठ हलवत होत्या. मला काही कळत नव्हतं. मला उभ्या उभ्या लघवी झाली. परकरातून, पायांवरून, त्या स्वच्छ फरशीवर. मास्तरीणबाई पुढे आल्या, पाहुण्यांकडे बघून हसल्या आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. पाहुणेही हसले. त्यांच्यातल्या एकाने कॅमेरा वर केला.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, "आये, आपण मेल्यालं कवा खाल्लं?"

आई विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान वर केली नाही.

"गप बस. ऱ्हातं घर त्यांचं हाय."

माझा बाप्तिस्मा तीन महिन्यांची असताना झालेला. आईचाही जन्म ख्रिस्ती घरातला. माझ्या आज्जीने लहानपणी बाप्तिस्मा घेतला, तोही याच चर्चमध्ये. म्हणजे मी तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. प्रार्थना बोलायला लागल्यापासून तोंडपाठ. आणि मी पाहुण्यांसमोर उभी राहून सांगत होते, आम्हाला देव माहीत नव्हता. देवाच्या घरात, देवासमोर, खोटं. तेही पाठ करून.

आमची वस्ती म्हणजे जुना महारवाडा. गावाने ठेवलेलं नाव वेगळं, मिशनने ठेवलेलं वेगळं, बसायची जागा तीच. माझा आजा चर्चची झाडलोट करायचा, म्हणून त्याला कंपाउंडच्या भिंतीला लागून दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. त्यात आम्ही अजून राहतो. कागदावर ते चर्चचं, आणि चर्च कमिटीचं. कमिटी म्हणजे मास्तरांचं घर. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हे आमच्या घरात पोराला चालायच्या आधी शिकवत.

आणि तंबाखू. तो सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. निपाणीत तंबाखू म्हणजे भाकरी. आमच्या वस्तीतल्या सगळ्या बायका विड्या वळणाऱ्या. पण मेथडिस्टांना तंबाखू वर्ज्य, असं मास्तर बाकावरून उठून सांगायचे. म्हणून प्रभुभोजनाच्या वेळी, येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, विडी वळणाऱ्यांनी शेवटी यायचं. हाताला वास येतो. आज्जी साबण लावून, राख लावून, लिंबू चोळून हात धुवायची आणि तरी शेवटी उभी राहायची. मास्तरांच्या चार एकरांत काय पिकत होतं? तंबाखूच. रानातला तंबाखू चालत होता, आमच्या बोटांचा चालत नव्हता. हे मला कळायला बरीच वर्षं लागली. कळल्यावर मला हसू आलं आणि मग रात्री जेवण गेलं नाही.

नंतर मास्तरांचं घर बेळगावला खासबागला गेलं. त्यांच्या मागोमाग बाकांवरची बाकीची घरंही गेली. नोकऱ्या, कॉलेजं, कोर्ट. पाळकसाहेबांची बदली झाली आणि नवे कुणी आले नाहीत. घंटाही बेळगावच्या कुठल्याशा चर्चसाठी नेली. कौलं फुटली, पाऊस आत आला, बाकांखाली शेळ्या बसायला लागल्या. लोक म्हणायचे, तिथली मंडळी संपली.

संपली नव्हती. आज्जी दर शनिवारी शेळ्या हाकलून चर्च झाडायची. रविवारी सकाळी ती ट्रकच्या मोडक्या लोखंडी पाट्याचा तुकडा चिंचेला टांगून दगडाने बडवायची. घंटेऐवजी. पाळक नाही, पेटी नाही. सात-आठ बायका यायच्या, गाणी म्हणायच्या, आणि जिला जे आठवेल ते शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, सांगायची. शुक्रवारी आमच्या ओसरीवर वर्ग भरायचा. मेथडिस्टांची जुनी रीत, दहा-बारा जणांनी बसून एकमेकांना विचारायचं, तुझ्या जिवाचं कसं चाललंय. बायका मांडीवर सूप घेऊन यायच्या. पानं कापत, जर्दा भरत, दोरा गुंडाळत जिवाचं बोलायच्या. कुणाचा नवरा मारतो, कुणाच्या छातीत कफ भरलाय. रडायच्या आणि हात चालूच असायचे. ही आमची मंडळी. आज्जी गेली तेव्हा शवपेटी लाकडाच्या दुकानातून आणली आणि प्रार्थना आईने केली.

मी शिकले. निपाणीत एका दवाखान्यात नर्स झाले. लग्न झालं, नवरा कोल्हापूरच्या फौंड्रीत आहे, आठवड्यातून एकदा येतो. एक मुलगी, रूथ. मी, आई आणि रूथ त्याच क्वार्टरमध्ये राहतो.

चार वर्षांपूर्वी एक तरुण पाळकसाहेब आले. ते ओसरीवरच्या वर्गाला येऊन बसले, चटईवर, बायकांमध्ये. चर्च पुन्हा भरायला लागलं. छप्पर झालं, रंग झाला. आणि बेळगावच्या गाड्या पुन्हा दिसायला लागल्या. मास्तरांचा मुलगा आता मोठा वकील. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणतात. ते आले, पहिल्या बाकावर बसले आणि महिन्याभरात मुख्य कारभारी झाले. मंडळीचं नवजीवन, असं त्यांनी फलकावर लिहून घेतलं. मोठा वर्धापनदिन करायचा ठरला. बिशपसाहेब येणार, पाहुणे येणार, स्मरणिका निघणार.

याच काळात दुसरी एक भीती आमच्या दारात येऊन बसली. गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावात एका घरात प्रार्थना चालू असताना वीसेक माणसं आत घुसली. मोबाइल वर धरून शूटिंग. कुणी आणलं तुम्हाला, काय देतात, किती बाटलात. बायकांना एकेक करून नावं सांगायला लावली. मारलं नाही. पण त्यांतली एक माझ्या दवाखान्यात आली तेव्हा तिचं बीपी खाली येत नव्हतं. तेव्हापासून आमच्या गल्लीत मोटारसायकल थांबली की माझा हात पहिला कडीकडे जातो. दोन पोरं कधी कधी कंपाउंडच्या गेटशी येऊन उभी राहतात. काही बोलत नाहीत. बघतात. मी रूथला शाळेतून घ्यायला स्वतः जाते. ती म्हणते, मम्मी, मी काय लहान हाय का. अकरा वर्षांची आहे.

एका शनिवारी वकीलसाहेबांनी मला चर्चच्या मागच्या खोलीत बोलावलं. टेबलावर स्मरणिकेची कच्ची पानं होती.

"बघ गं, तुझाच फोटो सापडला आमच्या आईच्या ट्रंकेत," ते म्हणाले. ते माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी त्यांना अहो म्हणते, ते मला अगं.

फोटोत मी होते. फाटका परकर, सुटलेले केस, गालावर धूळ, पायांखाली ओली फरशी. खाली छापलेलं: 'वस्तीतील एक अनोळखी बालिका, ख्रिस्ताची ओळख होण्यापूर्वी'.

मी पानं उलटली. मंडळीचा इतिहास सहा पानं होता. मास्तर, मास्तरीणबाई, त्यांचे वडील, त्यांचे मामा. मग 'काही वर्षे मंडळी बंद होती'. मग वकीलसाहेब. आज्जीचं नाव कुठंच नव्हतं.

"आणि एक," ते म्हणाले. "आईची ती साक्षीची परंपरा आपण पुन्हा करतोय. दोन दारांची. तुझ्या रूथला सांगितलंय मी. हुशार आहे पोरगी. सगळं लाइव्ह जाणार, परदेशात बघणार लोक. कपडे आमची मिसेस आणेल."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज माहीत आहे. त्या दिवशी मी म्हणाले, "बरं साहेब."

बरं साहेब. तोंडातून आपोआप निघालं. चाळीस वर्षांची बाई, हातून हजारो सलाइनी लावलेल्या, आणि बरं साहेब. घरी येताना मला स्वतःची इतकी किळस आली की मी भिंतीला टेकून उभी राहिले.

रूथ घरात कागद हातात घेऊन पाठ करत होती. "मम्मी, ह्यात लिहिलंय आम्ही मेलेलं खात होतो. आपण खातो का?"

आईने सुपावरून मान वर केली. मी आईकडे बघितलं. आईला सगळं आठवत होतं, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तरी ती म्हणाली, "म्हणू दे तिला. दोन मिंटाचं काम. म्या ह्या वयात कुटं जाऊ?"

आठ दिवस मी भ्याले. कामावर इंजेक्शन भरताना दोनदा सुई बोटात गेली. मला दोन्हीकडून भीती होती. नाही म्हणावं तर क्वार्टर. हो म्हणावं तर माझी पोर सगळ्या जगासमोर मोबाइलवर उभी राहून सांगणार की आम्ही आधी दुसरे होतो आणि या लोकांनी आम्हाला बदललं. चौथ्या पिढीची ख्रिस्ती पोर. गेटवर उभ्या राहणाऱ्या त्या दोघांना आणखी काय हवं होतं? हातात आयता व्हिडिओ. वकीलसाहेबांच्या हे डोक्यातही आलं नव्हतं. त्यांना भ्यायची सवयच नाही. त्यांची गाडी खासबागला जाते.

वर्धापनदिनाच्या आधीचा रविवार. उपासना चालू. वकीलसाहेब पुढच्या बाकावर, त्यांची मिसेस मागच्या खोलीत, हातात पिशवी. उपासना झाली की रूथची तालीम होणार होती. पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?"

मी उठले. का उठले ते नीट सांगता येत नाही. धीर आला होता असं मुळीच नाही. उठताना मी पुढच्या बाईच्या खांद्याला धरलं होतं. पण रूथ माझ्या शेजारी बसून ओठांतल्या ओठांत तो कागद म्हणत होती. माझ्याच चालीत. जिथं मी अडले होते तिथं तीही अडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तेवढं मला सोसलं नाही.

"मी तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती," मी म्हणाले. आवाज चिरकत होता. "माझा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला. आम्ही मेलेलं खाल्लं नाही. खाल्लं असतं तरी ती आमची लाज नव्हती, ज्यांनी खायला लावलं त्यांची होती. नऊ वर्षांची असताना मी देवाच्या घरात खोटं बोलले. मला ते लिहून दिलं होतं. तो फ्रॉक माझ्या आईने शिवला होता, मिशनने दिला नव्हता. मंडळी कधी बंद नव्हती. माझ्या आज्जीने चालवली. विडीच्या हातांनी. माझी मुलगी ही साक्ष देणार नाही."



वकीलसाहेब उठले. "ही साक्ष नव्हे, हे भांडण आहे. पाळकसाहेब, थांबवा हिला."

पाळकसाहेब खाली बघत होते. त्यांचीही बदली कमिटीच्या हातात असते.

"साहेब," मी म्हणाले, "कार्यक्रम झाला की तुम्ही गाडीत बसून जाणार. गेटवर माणसं आली तर दार आमचं वाजणार."

मागून आईचा आवाज आला. "बस खाली, गं! पाया पडते तुज्या. बस खाली." ती रडत होती. ती माझ्या बाजूने उभी राहिली नाही. चटईवरचं कुणीच उभं राहिलं नाही. मी रूथच्या हातातून कागद घेतला, पुढे जाऊन वकीलसाहेबांच्या बाकावर ठेवला आणि तिचा हात धरून बाहेर आले. चिंचेखाली मला ओकारी झाली. रूथ माझी पाठ चोळत होती आणि विचारत होती, मम्मी, आता काय होईल? मला माहीत नव्हतं. मी तेच सांगितलं.

काय झालं ते सांगते. वर्धापनदिन झाला. साक्षीचा कार्यक्रम गाळला. फोटोचं पान स्मरणिकेतून फाडून काढलं होतं, कडेला फाटके दात तेवढे राहिले होते. माझी कीव येऊन काढलं असेल असं समजू नका. बिशपसाहेबांनी काही विचारू नये म्हणून काढलं. आज्जीचं नाव आलं नाहीच. आणि पंधरा दिवसांनी वकीलसाहेबांच्या लेटरहेडवर पत्र आलं. तीन महिन्यांत क्वार्टर रिकामं करावं, मंडळीच्या विकासकामासाठी जागा हवी आहे.

आईने ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "आनलंस ना आमाला रस्त्यावर." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी तिला दोष देत नाही. तिने आयुष्यभर तोंड दाबून जे वाचवलं ते मी दोन मिनिटांत पणाला लावलं.

वर्ग मात्र बंद पडला नाही. पहिल्या शुक्रवारी तीनच बायका आल्या. दुसऱ्या शुक्रवारी सात. कुणी त्या रविवारचं काढलं नाही. तिसऱ्या शुक्रवारी शेजारच्या सुंदराक्काने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "माज्या लेकीकडनं, सखूकडनंबी म्हनवून घेतलं हुतं. ती आजून चर्चात येत न्हाय. म्या म्हनायची, देवाला इसरली." मग दुसरी बोलली. त्या दिवशी विड्या कमी झाल्या.

मी पत्राला उत्तर लिहिलं. क्वार्टर सोडणार नाही. माझ्या आजाने आणि आज्जीने या मंडळीची जी सेवा केली तिची नोंद आधी करा, मग जागेचं बोलू. एक प्रत आमच्या भागातल्या सगळ्या चर्चांवर देखरेख करणाऱ्या डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंटना पाठवली. पोस्टाची पावती घरी आणून बायबलमध्ये ठेवली.

पुढच्या महिन्यात पास्टोरेट कॉन्फरन्स आहे. वर्षातून एकदा भरते, आणि तिथं मंडळीचे कारभारी निवडतात. नावं पुकारतात, सभासद हात वर करतात. इतक्या वर्षांत वस्तीतून एकाही माणसाने नाव दिलेलं नाही. यंदा मी देणार आहे. पाळकसाहेबांना सांगितलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "सिस्टर, विचार करा." विचार केला आहे. विचार केला की भीती वाढते, एवढंच होतं.

मला भीती वाटते. गेटवरच्या त्या दोघांची वाटते, तीन महिन्यांची वाटते, आईच्या रडण्याची वाटते. ही भीती जाईल अशी आशा मी धरलेली नाही. मी पडणार हेही मला दिसतंय. वस्तीतली माणसं वकीलसाहेबांसमोर माझ्यासाठी हात वर करतील की नाही, सांगता येत नाही. आईसुद्धा करेल की नाही, सांगता येत नाही. पण नाव मी मागे घेणार नाही. यंदा पडले तर पुढच्या वर्षी पुन्हा देईन, त्याच्या पुढच्या वर्षीही देईन. आणि दर वेळी मी पुढं येऊन मंडळीकडे तोंड करून उभी राहणार आहे. ज्यांना मी नको असेन, त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून तसं म्हणावं.